एकच कोड, दोन प्रकारचे फोन : ॲपबांधणीच्या साधनांविषयी वाचकांचे प्रश्न

अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप तयार करायचे असेल, तर त्यासाठीची साधने संगणकावर कशी बसवावीत, याविषयी कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे आणि इतक्यात नवा मिळणार नाही. वर्गात कोणी फ्लटर शिका म्हणते, कोणी रिॲक्ट नेटिव्ह, तर क्लासचे सर कोटलिन सांगतात. व्हिडिओ पाहून मी बरेच काही इन्स्टॉल केले. आता सी ड्राइव्ह भरला आहे आणि ॲप मात्र एकही चाललेले नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोड एकदाच लिहा आणि तो सगळीकडे चालवा, हे या साधनांचे आश्वासन खोटे नाही, पण अपुरे आहे. लिहिणे एकदाच होते. त्या कोडपासून फोनवर बसणारे ॲप बांधण्याचे काम मात्र त्या त्या प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या साधनांनीच करावे लागते. तुम्ही फ्लटर निवडा किंवा रिॲक्ट नेटिव्ह, अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड एसडीके (ॲप बांधण्याच्या साधनांचा संच), जावा आणि ग्रेडल (बांधणी पार पाडणारा प्रोग्रॅम) ही मंडळी पडद्यामागे असतातच, आणि आयफोनसाठी ॲपलचे एक्सकोड लागते, जे फक्त मॅकवर चालते. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर आज फक्त अँड्रॉइडची बाजू उभी करायची आहे, हे एकदा मनाशी पक्के केले की इन्स्टॉल करायच्या गोष्टींची यादी बरीच आखूड होते.

निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. रिॲक्ट नेटिव्ह फेसबुकने २०१५ मध्ये खुले केले. त्यात जावास्क्रिप्टमध्ये लिहितात आणि पडद्यावरील बटणे, याद्या वगैरे फोनचेच मूळ घटक असतात. फ्लटर गूगलचे आहे, त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, त्याची भाषा डार्ट आहे आणि पडद्यावरचे सर्व काही ते आपल्याच इंजिनाने रेखाटते. तुमच्या सरांना कदाचित कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, म्हणजे कोटलिन या भाषेतले असेच साधन, अभिप्रेत असेल. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर जाहीर झाले आणि चांगले आहे, पण अँड्रॉइडचा पाया पक्का झाल्यावर त्याकडे वळणे सोयीचे जाते. अभ्यासक्रमात जावास्क्रिप्ट झाली असेल, तर रिॲक्ट नेटिव्ह एक्स्पो या जोडसाधनासह घ्यावे, कारण त्यात लॅपटॉपवर केवळ नोड (संगणकावर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि फोनवर एक्स्पो गो हे ॲप एवढ्यावर पहिले धडे चालतात आणि एसडीकेचा भार शिकण्याच्या पहिल्या टप्प्यात पडत नाही. अन्यथा मी फ्लटर सुचवीन, आणि त्याचे मुख्य कारण त्याची भाषा किंवा वेग नसून ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा आहे. संगणकावर काय आहे, काय नाही आणि जे नाही ते कसे मिळवायचे, हे ती आज्ञा ओळीओळीने सांगते. ज्याला शेजारी बसून विचारण्यासारखे कोणी नाही, त्याला याहून मोठी मदत मिळणे अवघड आहे.

आता क्रम पाहू. आधी नको असलेले काढून टाका. ‘फ्लटर डॉक्टर’च्या यादीत व्हिज्युअल स्टुडिओपुढे फुली दिसते म्हणून अनेक जण ते कित्येक जीबींचे पॅकेज उतरवून घेतात, ते विंडोजवर चालणारे डेस्कटॉप प्रोग्रॅम बांधण्यासाठी आहे आणि फोनच्या ॲपशी त्याचा संबंध नाही. व्हीएस कोड हा निराळाच, हलका संपादक आहे आणि तो मात्र ठेवावा. त्यानंतर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन) बसवा, फ्लटरची झिप फाइल डी ड्राइव्हवर, नावात जागा नसलेल्या फोल्डरमध्ये उलगडा, आणि तिच्यातील ‘बिन’ फोल्डरचा पत्ता विंडोजच्या ‘पाथ’ या चलात (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये) घाला. प्रोग्राम फाइल्समध्ये फ्लटर ठेवू नये, कारण ते स्वतःच्या फोल्डरमध्ये सतत लिहीत असते आणि तेथे लिहिण्यास प्रशासकाची परवानगी लागते. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ बसवा. पहिल्यांदा उघडताना ते एसडीके कोठे ठेवायचे हे विचारते, तेथेही डी ड्राइव्ह निवडा. एसडीके मॅनेजरमधील टूल्सच्या यादीत कमांड-लाइन टूल्सपुढे खूण करायची राहून जाते आणि मग परवाने स्वीकारण्याची ‘फ्लटर डॉक्टर’ची आज्ञा चालत नाही, तेवढी खूण आठवणीने करावी. जावा वेगळी बसवू नका. ती अँड्रॉइड स्टुडिओबरोबरच येते आणि फ्लटर तीच वापरते.

राहिला प्रश्न रॅमचा. अँड्रॉइड स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि एम्युलेटरसह (संगणकावरच्या आभासी फोनसह) वापरायचे असेल तर १६ जीबी, असे गूगलच सांगते. त्यामुळे एम्युलेटरचा विचार सोडून द्या आणि स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावर ॲप चालवा. अँड्रॉइड स्टुडिओ केवळ एसडीकेच्या देखभालीपुरते उघडा. लिहिण्याचे काम व्हीएस कोडमध्ये करा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : प्रकल्पाच्या अँड्रॉइड फोल्डरमधील ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ग्रेडलला किती स्मृती वापरू द्यायची याची मर्यादा लिहिलेली असते, आणि फ्लटरच्या अलीकडच्या प्रकल्पांत ती ८ जीबी इतकी असते. तुमच्या लॅपटॉपची सगळी रॅम तेवढीच आहे. तो आकडा २ जीबी करा. बांधणीच्या वेळी लॅपटॉप गोठण्याचे प्रमाण कमी होईल.

प्रश्न : मी फाउंड्रीत सुपरवायझर आहे. कास्टिंगच्या रिजेक्शनची नोंद सध्या वहीत होते, ती फोनवर व्हावी म्हणून फ्लटर शिकलो. ‘फ्लटर डॉक्टर’मध्ये सगळीकडे हिरव्या खुणा आहेत, पण ॲप बांधताना पत्त्यात नॉन-आस्की अक्षरे असल्याचा संदेश येऊन काम थांबते. प्रकल्प डेस्कटॉपवरील ‘ओतकाम नोंद’ या फोल्डरमध्ये आहे आणि विंडोजमधील माझे नावही मराठीत आहे.
— शिरोली औद्योगिक वसाहत

उत्तर : दोष तुमच्या कोडमध्ये नाही, फोल्डरच्या नावात आहे. अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन विंडोजवर बांधणी सुरू करण्यापूर्वी प्रकल्पाचा पत्ता तपासते आणि त्यात रोमन लिपीपलीकडचे अक्षर आढळले की थांबते. ही तपासणी बंद करण्याची सोय त्या संदेशातच सुचवलेली असते, पण तिच्या नादी लागू नये. पुढच्या साखळीतील एखादे जुने साधन त्याच पत्त्याला अडखळते आणि त्या वेळी येणाऱ्या संदेशावरून मूळ कारण ओळखताही येत नाही. मराठीत काम करणाऱ्या माणसाला आपल्या फोल्डरला मराठी नाव देता येऊ नये, ही चीड आणणारी गोष्ट आहे, यात शंका नाही. तरीही आज उपाय एकच : प्रकल्प डी ड्राइव्हवर, रोमन लिपीतील लहान आणि जोडलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. डेस्कटॉप तसाही टाळावा, कारण अनेक संगणकांवर तो वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि बांधणी चालू असताना तयार होणाऱ्या हजारो लहान फाइली वर चढवण्याचा खटाटोप सुरू होतो.

वापरकर्त्याच्या नावाचे प्रकरण थोडे हट्टी आहे. ग्रेडल आणि डार्ट आपापल्या उतरवलेल्या फाइली त्या नावाच्या फोल्डरमध्येच साठवतात, आणि सेटिंग्जमध्ये नाव बदलले तरी सी ड्राइव्हवरील मूळ फोल्डरचे नाव तसेच राहते. ग्रेडलचे घर आणि डार्टच्या पॅकेजांचा साठा दुसरीकडे हलवण्यासाठी विंडोजमध्ये स्वतंत्र चले नेमता येतात, पण त्यात एखादी जागा सुटतेच. रोमन नावाचे नवे स्थानिक खाते उघडून ॲपचे सर्व काम त्यातच करणे अधिक निर्धोक आहे.

ही बंधने केवळ पत्त्यांपुरती आहेत. फोनवर ॲपच्या चिन्हाखाली दिसणारे नाव अँड्रॉइडच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये ‘लेबल’ म्हणून लिहिले जाते आणि ते खुशाल मराठीत ठेवता येते; कोडमधील मजकूरही यूटीएफ-८ मध्ये असल्याने देवनागरीत निर्वेध चालतो. तुमच्या कामात मात्र एक सापळा आहे. डार्टच्या ‘इंटल’ पॅकेजला भाषा मराठी सांगितली की ते आकडे देवनागरीत दाखवते, आणि कामगारही मराठी कळफलकावरून ‘२५’ असे लिहील. परंतु डार्टचे आकडा वाचणारे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही आणि तेथे ॲप चूक दाखवते. आकडा साठवण्यापूर्वी देवनागरी अंक रोमन अंकांत बदलून घेणारे चार ओळींचे फंक्शन पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रश्न : लॅपटॉपला फोन जोडला तर चार्ज होतो, पण व्हीएस कोडमध्ये दिसत नाही.
— हुपरी

उत्तर : आधी केबल बदला, बऱ्याच स्वस्त केबलींमधून केवळ वीज जाते, माहिती जात नाही. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ येथे जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतील, आणि त्यांत यूएसबी डिबगिंग सुरू करा. फोन जोडल्यावर त्याच्या पडद्यावर परवानगी मागणारी चौकट येते. पडदा बंद असेल तर ती नजरेतून सुटते आणि ‘एडीबी डिव्हाइसेस’ या आज्ञेच्या उत्तरात फोनपुढे ‘अनऑथराइज्ड’ असे दिसत राहते. फोन दिसतो पण ॲप बसत नाही, असे झाले तर डेव्हलपर ऑप्शन्समध्येच यूएसबीवरून इन्स्टॉल करू देण्याचे वेगळे बटण आहे का ते पाहा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते असते. फोन अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा असेल, तर लॅपटॉपच्याच वायफायवरून बिनतारी डिबगिंगही करता येते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत २० संगणक आहेत आणि इंटरनेट बेताचे आहे. पहिल्या तासाला सर्व विद्यार्थ्यांनी एकदम ॲप बांधायला घेतले आणि तास संपेपर्यंत एकाचेही झाले नाही. शिवाय काही संगणकांवर फ्लटर चालवताच गिटचा ‘ड्युबियस ओनरशिप’ असा संदेश येतो.
— एक प्राध्यापक, गारगोटी

उत्तर : पहिल्या बांधणीच्या वेळी ग्रेडल स्वतःचीच ठरावीक आवृत्ती, अँड्रॉइडचे प्लगइन आणि लागणाऱ्या सर्व लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेते. हे शेकडो एमबी प्रत्येक संगणकावर वेगळे येतात, एवढेच नव्हे तर प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळे येतात, कारण ग्रेडलचा साठा त्या त्या खात्याच्या फोल्डरमध्ये असतो. बेताच्या जोडणीवर २० संगणकांनी हे एकाच वेळी करावे, अशी अपेक्षाच चूक आहे.

एक संगणक नमुना म्हणून तयार करावा. त्यावर फ्लटर आणि एसडीके अशा जागी ठेवावेत की इतर सर्व संगणकांवर नेमकी तीच जागा मिळेल, आणि ग्रेडलचा व डार्टच्या पॅकेजांचा साठाही चले नेमून डी ड्राइव्हवर आणावा. मग अभ्यासक्रमात लागणारी सर्व पॅकेजे घातलेला एक नमुना प्रकल्प त्यावर पूर्ण बांधून घ्यावा. नुसते इन्स्टॉल करून भागत नाही. प्रत्यक्ष बांधणी झाल्याशिवाय काही भाग उतरतच नाहीत, आणि काही प्रकल्पांना लागणारे एनडीके हे भलेमोठे पॅकेजही बांधणीच्या वेळीच एसडीकेच्या फोल्डरमध्ये येऊन बसते. त्यानंतर ग्रेडलची पार्श्वभूमीला चालणारी प्रक्रिया थांबवून फ्लटर, एसडीके, डार्टचा साठा आणि ग्रेडलच्या साठ्यातील ‘रॅपर’ व ‘कॅशेस’मधील ‘मॉड्यूल्स-२’ हे फोल्डर पेनड्राइव्हवरून किंवा प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यावरून सर्व संगणकांवर न्यावेत. ‘मॉड्यूल्स-२’ची नक्कल करताना त्यातील ‘लॉक’ने संपणाऱ्या फाइली आणि ‘जीसी डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल वगळावी, असे ग्रेडलच्याच माहितीपत्रकात सांगितलेले आहे. शेवटी कोणत्याही एका संगणकाची नेटची तार काढून तो नमुना प्रकल्प बांधून पाहावा. तो बांधला गेला, तर पुढच्या तासाला इंटरनेट असो वा नसो.

या सगळ्याला एकच अट आहे : सर्वांच्या आवृत्त्या एकच हव्यात. एखाद्या हौशी विद्यार्थ्याने ‘फ्लटर अपग्रेड’ केले की त्याचा संगणक पुन्हा उतरवायला लागतो, म्हणून सत्र संपेपर्यंत ही आज्ञा वापरू नये असे फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.

गिटचा संदेश वेगळ्या कारणाने येतो. फ्लटरचे फोल्डर हे मुळात गिटचे भांडार आहे, आणि २०२२ पासून गिट दुसऱ्या खात्याच्या मालकीच्या भांडारात काम करण्यास नकार देते. तुमच्याकडे फ्लटर प्रशासकाच्या खात्यातून ठेवले गेले आणि विद्यार्थी स्वतःच्या खात्यातून ते चालवत आहेत. गिटच्या संगणकव्यापी मांडणीत फ्लटरचे फोल्डर ‘सेफ डिरेक्टरी’ म्हणून एकदा नोंदवा आणि त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार विद्यार्थ्यांच्या खात्यांना द्या. यांपैकी एकच केले तर अडचण अर्धीच सुटते.

प्रयोगशाळेच्या जुन्या टिपणांत एम्युलेटरसाठी इंटेलचे हॅक्सम (तो वेगाने चालवणारे साधन) बसवा असे लिहिलेले असेल, तर तो भाग खोडून टाकावा. इंटेलने २०२३ मध्ये त्याचे काम थांबवले आहे. आता विंडोजचे स्वतःचे हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म सुरू करायचे असते, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एएमडीच्या संगणकांवर एसव्हीएम, चालू असावे लागते.

प्रश्न : आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. भाच्याने फ्लटरमध्ये ॲप करून दिले, अँड्रॉइडवर उत्तम चालते. पुण्या-मुंबईची आणि परदेशातली गिऱ्हाइके आयफोनवाली आहेत. कोड तोच असेल तर आयफोनचे ॲप लगेच मिळायला हवे ना? आमच्याकडे मॅक नाही.
— चप्पल लाइन, कोल्हापूर

उत्तर : कोड बहुतांशी तोच चालेल, पण आयफोनचे ॲप एक्सकोडशिवाय बांधले जात नाही आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. साध्या संगणकावर मॅकची प्रणाली बसवून देणारे भेटतात. ॲपलच्या परवान्यात ते बसत नाही आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला ते मोडते, म्हणून व्यवसायासाठी त्या वाटेला जाऊ नये. कायदेशीर मार्ग दोन आहेत. कोडमॅजिक किंवा गिटहब ॲक्शन्ससारख्या सेवा त्यांच्या मॅकवर तुमचा कोड बांधून देतात. भाच्याने एक्स्पो वापरले असते तर त्यांची स्वतःची अशी सेवा आहे. अधूनमधून नवी आवृत्ती काढायची असेल तर हे पुरते. पण आयफोनवरच उद्भवणारी एखादी चूक शोधायची वेळ आली, की दुसऱ्याच्या मॅकवर आंधळेपणाने पुन्हा पुन्हा बांधून पाहावे लागते आणि त्यात दिवस जातात. त्यापेक्षा वापरलेला मॅक मिनी घ्यावा, मात्र तो ॲपलच्या स्वतःच्या एम मालिकेतील चिपचा असावा. इंटेल चिपचे मॅक स्वस्त दिसतात, परंतु इंटेलला साथ देणारी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती असेल, असे ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केले आहे, आणि ॲप स्टोअरवर चढवण्यासाठी दर काही काळाने नवे एक्सकोड सक्तीचे होत जाते.

खर्चाचे गणितही आधी मांडा. गूगल प्लेसाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शुल्क न भरताही भाच्याला मॅकवरून स्वतःच्या आयफोनवर ॲप चढवून पाहता येईल, पण ते सात दिवसांनी बंद पडते आणि पुन्हा चढवावे लागते; चाचणीला ठीक, गिऱ्हाइकाला निरुपयोगी. शिवाय केवळ चपलांची छायाचित्रे, किमती आणि फोन क्रमांक दाखवणारे ॲप ॲपल नाकारू शकते, कारण संकेतस्थळापेक्षा अधिक काही न देणारी ॲप त्यांच्या नियमांत बसत नाहीत. तुमच्या ॲपमध्ये मापे घेणे, मागणी नोंदवणे, पैसे भरणे असे काही नसेल, तर माझा सल्ला असा राहील की आयफोनच्या गिऱ्हाइकांसाठी चांगले संकेतस्थळ करावे आणि मॅकचे पैसे राखून ठेवावेत.

प्रश्न : अँड्रॉइड स्टुडिओ अद्ययावत केल्यापासून गेल्या वर्षीचा प्रकल्प बांधला जात नाही. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ असा संदेश येतो.
— कागल

उत्तर : ६५ म्हणजे जावा २१. स्टुडिओबरोबर नवी जावा आली, पण तुमच्या प्रकल्पात नोंदवलेले ग्रेडल तिच्याआधीचे आहे. जावा २१ वर चालण्यासाठी ग्रेडल ८.५ किंवा त्यापुढचे लागते. प्रकल्प चालू ठेवायचा असेल तर त्यातील ग्रेडलची आणि त्याला अनुरूप अँड्रॉइड प्लगइनची आवृत्ती वाढवा. तो केवळ एकदा बांधून द्यायचा असेल तर जावा १७ वेगळी ठेवून फ्लटरच्या ‘कॉन्फिग’ आज्ञेने तिचा पत्ता द्या. ‘पबस्पेक डॉट लॉक’ ही पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी फाइल गिटमध्ये ठेवत नसाल तर ठेवा, नाहीतर जावाचा प्रश्न सुटल्यावर पॅकेजांचा सुरू होईल. काम देण्याच्या आठवड्यात कोणतेही साधन अद्ययावत करू नये.

प्रश्न : लॅपटॉप फॉरमॅट केला. कोड गिटवर होता म्हणून वाचला. पण आता फोनवरच्या जुन्या ॲपवर नवे बसत नाही, आणि प्ले स्टोअरही नवी आवृत्ती नाकारते.
— जयसिंगपूर

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ सहीच्या किल्लीत, म्हणजे ॲपवर डिजिटल सही करणाऱ्या फाइलीत आहे. चाचणीच्या बांधणीवर जी सही होते तिची किल्ली अँड्रॉइडची साधने तुमच्या खात्यातील ‘डॉट अँड्रॉइड’ या फोल्डरमध्ये आपोआप तयार करतात. फॉरमॅटनंतर ती नव्याने तयार झाली, सही बदलली आणि फोनने नव्या ॲपला परके मानले. फोनवरील जुने ॲप काढून नवे बसवा. त्या ॲपमध्ये फोनवरच साठवलेली माहिती मात्र जाईल. गूगल साइन-इन किंवा नकाशे वापरत असाल, तर नव्या किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) त्यांच्या कन्सोलमध्येही नोंदवावा लागेल.

प्ले स्टोअरची किल्ली वेगळी असते आणि ती तुम्ही स्वतः तयार केलेली होती. ऑगस्ट २०२१ पासून नवी ॲप बंडल स्वरूपातच द्यावी लागतात आणि त्यांची अंतिम सही गूगलकडे असते. तुमच्याकडची किल्ली केवळ वर चढवण्यासाठी वापरली जाते. तुमचे ॲप त्यानंतरचे असेल, तर खात्याच्या मालकाने प्ले कन्सोलमधून ही किल्ली बदलण्याची विनंती करावी, नवी किल्ली तयार करून तिचे प्रमाणपत्र जोडावे, आणि मंजुरी आल्यावर नवी आवृत्ती चढवावी. ॲप त्याआधीचे असेल आणि गूगलकडे सही सोपवलेली नसेल, तर त्याच ॲपची पुढची आवृत्ती काढता येणार नाही. नव्या ओळखनामाने नवे ॲप प्रसिद्ध करावे लागेल. नवी किल्ली आणि तिचा पासवर्ड गिटमध्ये ठेवू नका. लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यांपैकी एक जागा घरातील दुसऱ्या कोणाला तरी माहीत असू द्या.